ओसरीवरची इंग्रजी

आमच्या घरात इंग्रजी आली ती तंबाखूच्या वासातून. आज कोणी मला विचारतं की मॅडम, तुम्ही कॉलेजात न जाता भाषेच्या शिक्षिका कशा झालात, अन् ह्या वयात मोबाईल समोर ठेवून कोणालाही घरबसल्या शिकवायचं हे वेड तुम्हाला कुठून लागलं, तर मी वेळ मारून नेते. म्हणते, आवड आहे. आवड वगैरे काही नाही हो. एक ओसरी होती, तिच्यावर बसून बिड्या वळणाऱ्या बायका होत्या, अन् माझी मोठी बहीण विमल होती. तिचं जे झालं ते एकदा नीट लिहून काढावं असं पुष्कळ वर्षं मनात आहे. लिहायला बसते अन् चहा करायला उठते. आज चहा करूनच बसले आहे.

आमच्या वस्तीनं धम्माची दीक्षा घेतली त्या साली ताई मायच्या कडेवर होती, अन् मी तर कुठेच नव्हते. म्हणजे आमच्या दोघींत बरंच अंतर. मला कळायला लागलं तेव्हापासून ताई मला मोठीच दिसली, हातात सूप घेऊन बसलेली. बाबा कापडाच्या मिलमध्ये पाळीवर जात. माय, ताई अन् शाळेच्या आधी-नंतर मी, अशा आम्ही तिघी बिड्या वळायचो. तेंदूची पानं आदल्या संध्याकाळी पाण्यात बुडवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पोतं उघडलं की जो वास यायचा, ओल्या जंगलाचा, तो मला अजून कुठे कुठे अचानक येतो अन् मी थांबून जाते. मग पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं चौकोन कापायचे. साऱ्या ओसरीवर कात्र्यांची कचकच. पानात चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत गुंडाळी, तोंड दुमडायचं, खाली दोऱ्याचा वेढा. ताईचे हात असे चालत की बघणाऱ्याला वाटावं, बिडी पानातच होती, हिनं नुसती बाहेर काढली. जेवायला बसलो तरी बोटांना तंबाखू असायचाच. भाकर तंबाखूची, चून म्हणजे आमचं पिठलं, तेही तंबाखूचं, जवसाची चटणी तंबाखूची. लहानपणी मला वाटायचं अन्नाची चवच अशी असते. कोणाच्या तरी लग्नाच्या जेवणात पहिल्यांदा बिनतंबाखूची बुंदी खाल्ली तर ती अळणी लागली.

आता ओसरीची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बिड्यांचा हिशेब लिहायचं ठेकेदाराकडचं कार्ड एकट्या मायच्या नावाचं होतं, हात मात्र तिघींचे. ठेकेदाराला हे माहीत होतं, त्याच्या मुनिमाला माहीत होतं, सगळ्या वस्तीला माहीत होतं. प्रत्येकीच्या घरी तसंच. अन् ओसरीवर तर त्याच्याही पुढं. कोणाच्या पोराला ताप आला, कोणाची कंबर धरली, तर बाकीच्या बोलत नसत, आपापल्या सुपातून मूठभर बिड्या तिच्या टोपल्यात टाकत. अन् एकीनं वाचायचं. पेपर म्हणा, कोणाच्या माहेरची चिठ्ठी म्हणा, पोथी म्हणा. वाचणारीचे हात रिकामे राहतात म्हणून तिच्या वाट्याच्या बिड्या ऐकणाऱ्यांनी वळायच्या. हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. मी आले तेव्हा होतं.

ताई मॅट्रिकला इंग्रजीत गेली होती. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात तर चांगली. आमच्या शाळेतल्या निम्म्या मुली इंग्रजीतच जायच्या अन् तिथंच त्यांची पाटी फुटायची. ताईला मास्तरीण व्हायचं होतं. लहान पोरांना शिकवायच्या ट्रेनिंगला मॅट्रिक पूर्ण लागायचं, अन् वयाची अट होती. ती अट जवळ येत चालली होती. ताई त्याबद्दल बोलत नसे. पण वस्तीच्या शाळेची घंटा झाली की हातातली बिडी तशीच धरून ती एक क्षण तिकडे पाही, मग दोरा गुंडाळी.

आमच्या शेजारी गोदाकाकू राहायच्या. त्यांचे यजमान हिंगण्याच्या कारखान्यात होते, कंपनीच्या बसनं जायचे, अन् त्यामुळे त्यांच्या घरी चामड्याच्या खोळीतला ट्रान्झिस्टर होता. दिवेलागणीला गोदाकाकू तो खिडकीत आणून ठेवत. त्यावर आठवड्यातून काही दिवस इंग्रजीचा धडा लागायचा. एक बाई शिकवायची. आवाज इतका स्वच्छ, की आमच्याच ओसरीवर वळायला बसणारी सखूबाई म्हणायची, "ह्या बाईनं कधी तंबाखूची टोपली पाहिली नसन."

"तिच्या घरी नवरा खोकलत नसन," गोदाकाकू म्हणायच्या.

"नवराच नसन. म्हणून तं एवढी सावकाश बोलते."

सगळ्या हसायच्या अन् ताई म्हणायची, "थांबा न वं, ऐकू द्या." ती ऐके. एकदा ऐकलेलं तिच्या कानात बसून जाई. दुसऱ्या दिवशी पानं कापता कापता ती तो सगळा धडा त्या बाईच्याच आवाजात म्हणून दाखवी, थांबण्यासकट.

मग बाबांना मिलमध्ये कोणीतरी सांगितलं की शहरात सदर भागात एक केंद्र निघालं आहे, तिथून पोस्टानं धडे येतात. शाळेत जायला नको, मास्तर नको, वर्ग नको. घरी शिका, उत्तरं लिहून पाठवा, ती तपासून परत येतात. सगळे धडे पुरे केले की केंद्रच तुमचं नाव बाहेरून परीक्षेला पाठवतं. बाबा घरी येऊन टोपी खुंटीला न लावता हातातच धरून सांगत होते. "विमले, शाळा आता पोस्टमनच्या थैलीत येते म्हनते." मायनं विचारलं, "अन् बिड्या?" बाबा म्हणाले, "बिड्या वळता वळता शिकन न ते. कान कुठी गुंतले हायेत तिचे?"

हे वाक्य बाबांनी किती भाबडेपणानं म्हटलं होतं. अन् खरंही निघालं ते. तीच तर सगळी पंचाईत झाली.

धडे यायला लागले. जांभळ्या शाईत छापलेले कागद, त्यांना स्पिरिटसारखा वास. ते पाकीट आलं की ओसरीवर सण. माझं अक्षर चांगलं होतं, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करत, अन् माझी इंग्रजीची स्पेलिंगं पक्की होती. म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतून आले की मी धडा मोठ्यानं वाचायची, ताई माझ्यामागून म्हणायची, कात्र्या चालू. माझ्या वाट्याच्या बिड्या बाकीच्या वळत. मग प्रश्न. प्रश्नांची उत्तरं ताई द्यायची. पण लिहायचं तर हात थांबवावे लागणार, अन् ताईचे हात थांबले तर मायचं कार्ड भरत नसे. मायला तेव्हा दम लागायला लागला होता. तिच्या अर्ध्या बिड्या ताईच वळायची. माझ्या हातच्या तुटक्या-मुटक्या बिड्यांची भरपाई कोणीही करी, ताईची भरपाई करणारी ओसरीवर कोणी नव्हती. म्हणून ताई इंग्रजीत सांगायची अन् मी लिहायची. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? ज्याचा हात रिकामा त्यानं लावायचा, हेच तर आम्ही जन्मापासून करत होतो.

एका धड्यात होतं, तुमच्या बागेचं वर्णन करा. ताईनं विचारलं, "आता बाग कुठून आनू?"

"काहून, माह्या दारात मिरचीचं झाड हाय न," सखूबाई म्हणाली.

"अर्धं तं शेळीनं खाल्लं."

"मंग अर्ध्याचं लिव."

ताईनं अर्ध्या मिरचीच्या झाडाचं वर्णन सांगितलं, इंग्रजीत, शेळीसकट. शेळीला मारायला धावणारी सखूबाईसुद्धा त्यात आली. ते कागद परत आले तेव्हा शेवटी लाल शाईत शेरा होता, की असं स्वतःच्या डोक्यानं लिहिलेलं फार कमी वाचायला मिळतं. मी त्याचा अर्थ सांगितला तर सखूबाई दिवसभर सगळ्यांना सांगत फिरली की तिचं नाव सदरच्या हापिसात पोहोचलं. मधे मला गोवर निघाला, तेव्हा गोदाकाकूंच्या सुनेनं, शोभावहिनीनं, दोन-तीन धडे लिहून दिले. ती आठवीपर्यंत शिकली होती. तिचं अक्षर उजवीकडे झुकलेलं. ताई म्हणाली, "हिची इंग्रजी पन हिच्यासारखीच, भिंतीला टेकून उभी." वहिनीला राग नाही आला. तिनं पुढचं अक्षर सरळ काढलं.

ते वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात आनंदाचं वर्ष होतं असं मला वाटतं. अन् हे लिहिताना माझा हात जड होतो. आनंद होता म्हणूनच आम्ही काही पाहिलं नाही. प्रत्येक धड्याच्या मागच्या पानावर सूचना छापलेली असायची, उत्तरे विद्यार्थ्याने स्वहस्ताक्षरात लिहावीत. मी ती सूचनाही मोठ्यानं वाचून दाखवली होती. सगळ्यांनी ऐकली. पण बिडीच्या कार्डावरही तर असंच काहीतरी छापलेलं होतं, की काम कार्डधारकाने स्वतः करावे. माय ते कार्ड कित्येक वर्षं वापरत होती. छापलेलं वेगळं अन् चालतं ते वेगळं, हे आम्हाला जितकं माहीत होतं तितकं कोणाला असेल?

परीक्षेचे अर्ज जायच्या सुमाराला केंद्राचं पोस्टकार्ड आलं, की अमक्या दिवशी सदरच्या कार्यालयात प्रत्यक्ष भेटावे. ओसरीचं मत पडलं की बक्षीस देत असतील. एवढे लाल शेरे, एवढं कौतुक, दुसरं काय असणार? मायनं तिचं जपून ठेवलेलं जांभळं लुगडं ताईला नेसवलं. शोभावहिनीनं वेणी घातली. बाबांची पाळी होती, म्हणून मी सोबत. मायनं चून-भाकर फडक्यात बांधून दिली अन् म्हणाली, "तिथं साहेब चहा देईन तं नाई म्हनू नको. पन दोनदा घेऊ नको."

ताई बसमध्ये खिडकीशी बसली. सगळा रस्ता ओठ हलत होते. साहेब काय विचारेल, आपण काय सांगू, ते ती इंग्रजीत लावून पाहत होती. मधेच मला म्हणाली, "सुमे, मास्तरीण झाली न मी, तं पोरायले पयले बोलाले लावन. लिवाचं मंग." मी म्हटलं, "हाव." मला सदरची दुकानं पाहायची होती.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक कारकून टाईप करत होता, आत साहेब. साहेब म्हणजे पिकल्या केसांचा, सौम्य माणूस. त्यांनी बसायला सांगितलं, मलाही खुर्ची दिली. ताईचं आडनाव वाचून त्यांनी एकदा वर पाहिलं, मग खाली. टेबलावर आमची उत्तरं मांडली होती, तीन ढीग करून.

"ही सगळी उत्तरं तुमची?"

"हाव. हो, सर."

"मग ही तीन अक्षरं कशी?"

ताईच्या चेहऱ्यावर काही भीती आली नाही. उलट तिला बरं वाटलं की साहेबानं इतकं बारकाईनं पाहिलं. तिनं बोट ठेवून सांगितलं. "हे माह्या बहिणीचं, हीच ते. हे थोडं तिरपं हाय न, ते आमच्या शोभावहिनीचं. हिले गोवर झाला होता म्हणून. अन् हे मधलं बी वहिनीचंच, फक्त सुधरवलं तिनं."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि तुमचं कुठलं?"

"सगळंच माहं, सर. मी सांगतलं, त्यायनं लिवलं. माह्या हातात बिड्या राहतात न."

बाहेर टाईप करायचा आवाज थांबला. साहेबांनी तिन्ही ढीग एकावर एक ठेवले. मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी हळू, जसं दवाखान्यात सांगतात. की नियम असा असा आहे. की वरून तपासणी येते. की उत्तरं दुसऱ्यानं लिहिली असतील तर ती विद्यार्थ्याची धरता येत नाहीत. ताई ऐकत होती, मान हलवत होती, पण तिला ते कळत नव्हतं, मला दिसत होतं. ती पुन्हा म्हणाली, "पन सांगतलं मीच न, सर." ठेकेदाराचा मुनीम बिड्यांची छाटणी करतो तेव्हा वाईट बिडी बाजूला फेकतो, कोणाच्या हातची ते विचारत नाही. हा साहेब चांगली बिडी फेकून देत होता. तिचा हिशेब बसत नव्हता.

शेवटी साहेबांनी एक कोरा कागद अन् त्यांचं स्वतःचं पेन पुढे सरकवलं. म्हणाले, "असं करू. बागेवरचं तेच उत्तर इथे माझ्यासमोर लिहा. थोडकंच लिहा. मला दाखवायला काही मिळालं तर मी वर शब्द टाकतो."

ताईनं पेन घेतलं. मी तिच्या शेजारी होते, म्हणून मी तिचा हात पाहिला. अंगठा अन् पहिलं बोट, दोन्हींना कात्रीचे घट्टे, नखं तंबाखूनं पिवळी. तिनं पेन धरलं ते बिडीचं तोंड दुमडायची काडी धरतात तसं. मॅट्रिकनंतर तिनं इंग्रजी अक्षर काढलंच नव्हतं. तोंडात सगळा धडा तयार होता, ओठ हलत होते, अन् हात मात्र पहिलीतल्या पोराचा. एक ओळ झाली. दुसरीत शेळी आली अन् ती अडली. शेळी तिनं ऐकली होती, शंभरदा म्हटली होती, पण कागदावर ती तिनं कधी पाहिलीच नव्हती, कारण कागद माझ्या हातात असायचा. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे पाहू नका," साहेब म्हणाले. रागानं नाही.

तिनं अंदाजानं काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पेनाच्या टोकानं कागद फाटला. मग तिनं पेन आडवं ठेवलं अन् इंग्रजीत विचारलं, की मी तोंडानं सांगू का. अन् उत्तराची वाट न पाहता तिनं सांगायला सुरुवात केली. मिरचीचं झाड, अर्धं खाल्लेलं, सखूबाई, शेळी, सगळं. रेडिओतल्या बाईसारखं स्वच्छ, कुठे न अडखळता. बाहेरचा कारकून दारात येऊन उभा राहिला. मग ती आणखी पुढं गेली, धड्यात नव्हतं तेही सांगायला लागली. की त्या झाडाला पुन्हा पानं फुटली. की सखूबाई आता त्याच्याभोवती काटे लावते. मी तिला इतकं सलग इंग्रजी बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. तिला स्वतःलाही ते नवीन असावं. तिचा चेहरा असा झाला होता की मला उठून तिथून पळून जावंसं वाटलं.

ती थांबली. साहेब म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी येते. माझ्याकडे लिहून पास होणारे कित्येक आहेत, त्यांना एवढी येत नाही." मग त्यांनी तो फाटलेला कागद हातानं सपाट केला. "पण परीक्षेत तुमचं ऐकणार कोण? तिथे तर कागदच जातो. मी नाव पाठवलं आणि ही उत्तरं कुणी मागवली, तर केंद्रातल्या सगळ्या मुलांची नावं अडकतील. पुढच्या वर्षी या. वर्षभर हातानं लिहा. मी स्वतः तपासीन."

"पुढच्या वर्षी वय निंगून जाते, सर," ताई म्हणाली.

त्यांनी आम्हाला चहा मागवला. ताईनं घेतला नाही. मी घेतला.

परत येताना आम्ही एका झाडाखाली फडकं सोडलं. मला वाटलं ती खाणार नाही. पण तिनं पूर्ण भाकर खाल्ली, सावकाश, शेवटच्या तुकड्यानं फडक्याला लागलेलं चून पुसून. मग म्हणाली, "आज चून खारट केलं मायनं." बास. बसमध्ये ओठ हलले नाहीत.

ओसरीवर सगळ्या वाट पाहत होत्या. "काय भेटलं वं?" सखूबाईनं लांबूनच विचारलं. ताई म्हणाली, "काई नाई. नाव नाई जात." तिनं आत जाऊन मायचं लुगडं सोडलं, घडी घातली, रोजचं नेसली अन् येऊन सूप मांडीवर घेतलं. काय झालं ते मी सांगितलं. सखूबाईला ते काही केल्या पटेना. "पन सांगतलं तं तिनंच न? अख्ख्या ओसरीनं आयकलं. आमी येतो साक्ष द्याले." शोभावहिनी रडत होती, की माझं अक्षर तिरपं नसतं तर. माय खोकत राहिली. बाबा दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तसेच सदरला गेले अन् आल्यावर एवढंच म्हणाले, "माणूस वाईट नाई गा तो." हे ऐकून ताईनं मान वर केली. मला वाटतं, वाईट असता तर तिला बरं झालं असतं. कोणावर तरी चिडता आलं असतं. तिथं कोणीच नव्हतं.

तिचं पुढं काही झालं नाही, हेच सांगायचं आहे. लग्न झालं, तिकडेही बिड्याच. शेवटी तिलाही मायसारखा दम. मी मात्र उरलेल्या धड्यांवर शिकले. धडे वर्ष संपेपर्यंत येतच होते. पुढच्या परीक्षा मी घरून, बाहेरूनच दिल्या, कॉलेजची पायरी पाहिली ती परीक्षेपुरती. मी मास्तरीण झाले, मुलांना आधी बोलायला लावलं, लिहायचं मग. ताई माझ्या शाळेत कधी आली नाही. मी बोलावलं तर म्हणायची, "काम हाय."

आता प्रतापनगरच्या ह्या घरात मी पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून बायकांना शिकवते. भाचीनं सगळं लावून दिलं. कोणी वर्ध्याची, कोणी कळमेश्वरची, कोणी इथलीच. मी उत्तरं बोलून मागते. त्या कामातून, पोराला पाजताना, उत्तरं बोलून पाठवतात. मागून कुकरची शिट्टी येते, सासूचा आवाज येतो. मी ती ऐकते, एकेक, परत परत. कोणाचं अक्षर मी मागत नाही. अन् दर वेळी शेवटी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, ह्याचं सर्टिफिकेट भेटन का?" तिला ते नोकरीसाठी पाहिजे असतं. मी काय देणार? तिला येतं, हे मला माहीत आहे. माझ्या माहीत असण्याला कुठे किंमत आहे? सदरचे साहेब त्या दिवशी कसे बसले असतील ते मला आता कळतं, अन् ते कळावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षीच्या परीक्षेच्या आठवड्यातली एक संध्याकाळ तेवढी सांगायची राहिली. त्या दिवशी इंग्रजीचाच पेपर झाला होता, वस्तीतली दोन पोरं तो देऊन आली होती. गोदाकाकूंनी ट्रान्झिस्टर आणला अन् खिडकीत न ठेवता हातातच धरून विचारलं, "विमल, लावू का वं?"

"लावा न," ताई म्हणाली. "मले काय. बाकीच्यायले आयकाचं असन."

धडा सुरू झाला. त्या रेडिओच्या धड्यात एक पद्धत होती. बाई एक वाक्य म्हणायची अन् मग म्हणायची, आता तुम्ही म्हणा. मग ती थांबायची, आपण म्हणेपर्यंत. त्या थांबण्यात रेडिओची नुसती खरखर ऐकू यायची. त्या वर्षभर तिथं ताईचा आवाज असायचा अन् तिच्यामागून, चुकत-माकत, सगळ्या ओसरीचा. त्या संध्याकाळी बाईनं वाक्य म्हटलं. आता तुम्ही म्हणा, म्हणाली. सखूबाईनं ताईकडे पाहिलं. शोभावहिनीनं पाहिलं. मी पाहिलं. ताई पान गुंडाळत होती. तिनं तोंड दुमडलं, दोरा घेतला, दोन वेढे दिले, दातानं तोडला अन् बिडी सुपात ठेवली. कोणाची कात्री हलली नाही. खरखर चालू होती.

"शाबास," रेडिओतली बाई म्हणाली, अन् पुढच्या वाक्याकडे गेली.